गोळीवाला

पालघरहून मनोरकडे निघालेली एस.टी. वाघोबाच्या खिंडीत चढाला लागली, की चालक गियर उतरवतो आणि त्याच ओघात हाताची बोटे क्षणमात्र छातीला लावून पुन्हा दांड्यावर आणतो. गाडी थांबत नाही, आणि त्याच्या गप्पा चालू असतील तर त्याही थांबत नाहीत. १९९४ च्या जून महिन्यात पत्र्याची ट्रंक, नेमणुकीचा हुकूम आणि गळ्यातला चांदीचा क्रूस एवढ्या सामग्रीनिशी मी प्रथम त्या वाटेने गेलो, तेव्हा चालकाच्या मागच्याच बाकावर बसलो असल्यामुळे वाघोबाला केलेला तो नमस्कार मला अगदी जवळून दिसला, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे हसू आले. ही सवयीची भक्ती, असे मी मनाशी म्हणालो. दुसऱ्याच्या भक्तीची प्रतवारी लावण्याचा अधिकार आपल्याला उपजतच आहे, असे तिशीच्या माणसाला वाटत असते.

माझी स्वतःची भक्ती त्या दिवसांत धगधगत होती. ज्या वसईत गोन्सालो गार्सिया जन्मला आणि जिच्या या पुत्राला १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले, त्या वसईच्या एका वाडीत, केळीच्या बागेला लागून असलेल्या घरात मी वाढलो. दिवेलागणीला आई जपमाळ सुरू करी आणि आम्ही भावंडे डुलक्या घेत उत्तरे देत असू. मला तो संथ गुणगुणाट कंटाळवाणा वाटे. पुढे ऐन विशीत एका तपसाधनेत तीन दिवस मौन पाळल्यावर, आणि तिथल्याच ग्रंथालयात फादर डेमियन यांचे चरित्र एका बैठकीत वाचून काढल्यावर, मला जे काही झाले त्याला मी हाक असे नाव दिले. बेल्जियमहून निघालेला हा तरुण धर्मगुरू १८७३ साली मोलोकाई बेटावरील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत उतरतो, त्यांच्यासाठी घरे बांधतो, शवपेट्या बनवतो, आणि १८८९ साली त्याच रोगाने त्यांच्यातलाच एक होऊन मरतो. हे वाचल्यावर आपणही शासनाच्या कुष्ठरोग विभागात शिरावे, असे ठरवणारा वसईतला मी एकटाच नसेन. परंतु प्रशिक्षण पुरे करून, अवैद्यकीय सहायकाच्या पगारावर, मनोरला रुजू होईपर्यंत तो आवेग टिकवून धरणारा मात्र मी होतो, आणि या टिकवून धरण्याचा मला पुष्कळ अभिमान होता.

मनोर हे तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या पालघर तालुक्याचे गाव. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा मस्तान नाका, तिथे रात्रंदिवस थांबणारे मालमोटारींचे तांडे, वाड्याकडे फुटणारा रस्ता आणि आत शिरल्यावर बाजारपेठ, एवढे गाव महामार्गावरून जाणाऱ्याला दिसते. माझे काम त्याला न दिसणाऱ्या भागात होते. दुर्वेस, ढेकाळे, खोडकोना या बाजूंच्या पाड्यांतून, कारवीच्या कुडाच्या आणि शेणाने सारवलेल्या घरांच्या अंगणात बसून, मी वारली आणि कातकरी माणसांची कातडी तपासत असे. घरात अंधार, म्हणून माणसाला उन्हात उभे करावे लागे. फिकट, किंचित तांबूस चट्टा दिसला, की त्याला डोळे मिटायला सांगून मी बॉलपेनच्या टोकाने ठिकठिकाणी हलकेच टोचत असे, आणि जिथे स्पर्श होईल तिथे त्याने बोट ठेवायचे. चांगल्या कातडीवर बोट अचूक येई. चट्ट्यावर टोक टेकले तरी माणूस डोळे मिटून, किंचित हसत, स्पर्शाची वाट पाहत तसाच उभा राही. त्याची ती वाट पाहणारी मुद्रा मी हजारांवर वेळा पाहिली असेल, आणि तिची सवय मला अखेरपर्यंत झाली नाही.

औषधांची सोय मात्र त्या काळात चांगली झाली होती. बहुविध औषधोपचाराचा कार्यक्रम देशाने १९८३ साली स्वीकारला. ज्याच्या अंगावर जंतूंचा भार अधिक, अशा रुग्णाला तेव्हा चोवीस महिने उपचार असे. महिन्यातून एकदा मोठ्या गोळ्या माझ्यासमोर गिळायच्या आणि उरलेल्या सत्तावीस दिवसांच्या पाकिटातून रोज घरी घ्यायच्या. हे चोवीस डोस छत्तीस महिन्यांच्या मुदतीत पुरे झाले, तर उपचार पूर्ण झाला असे धरले जाई. प्रत्येकाचे एक कार्ड, कार्डावर चोवीस चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात तारीख.

ते चौकोन भरण्याचे मला वेड लागले. दर महिन्याला माझी टक्केवारी वरिष्ठांकडून वाखाणली जाई. पावसात सायकल चालत नसे, तेव्हा मी ओढे ओलांडून पायी जाई. रात्री खोलीवर परतल्यावर कंदिलाच्या उजेडात कार्डे मांडून बसे आणि भरलेल्या चौकोनांकडे पाहताना जो आनंद होई, त्यालाच प्रार्थना समजे. शनिवारी दुपारी एस.टी.ने पालघर, तिथून शटलने वसई, रविवारी मिस्सा, सोमवारी पहाटे परत, असा माझा क्रम होता. लोकल तेव्हा विरारच्या पुढे येत नसे. चर्चच्या अंगणात जुने मित्र भेटत आणि माझ्या कामाचे वर्णन ऐकताना त्यांचे चेहरे जसे होत, ते पाहायलाही मला आवडत असे.

एक गोष्ट मात्र त्या अंगणात मी कधी सांगितली नाही. मनोरला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात एका पाड्यावर, सदऱ्याच्या उघड्या गळ्यातून दिसलेल्या क्रुसाकडे बोट दाखवून एका माणसाने विचारले होते, की तू औषध द्यायला आलास की बाटवायला? प्रश्न रागाचा नव्हता, सरळ माहितीचा होता. मी हसून औषधाचेच नाव घेतले, आणि परतताना ओढ्यापाशी सदऱ्याचे वरचे बटण लावून टाकले, ते पुढे लावलेलेच राहिले.

त्या माणसाने उगीच विचारले, असे मी म्हणणार नाही. खोडकोन्याच्या माथ्यावर अशेरीचा गड आहे. सोळाव्या शतकात तो पोर्तुगीजांच्या हाती गेला, आणि त्यांचे राजचिन्ह कोरलेला दगड अजून तिथे आहे. आमच्या वसईच्या ख्रिस्ती माणसाने तो दगड पाहिला, की त्याच्या मनात दोन परस्परविरोधी गोष्टी एकदम येतात. आपल्या पूर्वजांना मिळालेला धर्म याच राजमुद्रेच्या छायेत आला, हे एक. आणि ती छाया गेल्यावर, म्हणजे १७३९ साली वसईचा किल्ला चिमाजी आप्पांनी घेतल्यावर, कोणाचीही तलवार पाठीशी नसताना आपल्या लोकांनी तो धर्म टिकवला, हे दुसरे. पुढे अमेरिकेतल्या ब्रदरन पंथाचे मिशनरी १८९४ साली या देशी आले; वलसाडला पाय रोवून ते डहाणू-वाड्यापर्यंत उतरले, शाळा काढल्या, डहाणूला दवाखाना चालवला. या सर्वांच्या पावलांमागून, शासनाची सायकल घेऊन का होईना, मी चाललो होतो. तेव्हा गळ्यातल्या क्रुसाबद्दल पाड्याने माझ्याकडे खुलासा मागितला, तर तो मागण्याचा त्याला हक्क होता. मी शासनाचा नोकर. कचेरीच्या वेळात धर्माची गोष्ट काढायची नाही हा नियम मला तेव्हाही मान्य होता, आजही आहे. परंतु बटण लावताना माझ्या मनात नियम नव्हता, भीती होती, आणि पाड्यांत कोंबडे तर पहाटेपासून आरवतच असतात.

दिवाळी झाली, की या भागातली अर्धी घरे कुलूपबंद होतात. खरे तर कुलूपही नसते. दाराला काटकी अडकवलेली असते. माणसे जगायला जातात. जगायला जाणे हाच त्यांचा शब्द. वीटभट्टीचा मालक दिवाळीच्या तोंडावर खर्ची देतो, ती घेतली की कुटुंबच्या कुटुंब मालमोटारीत चढते आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत हजार विटांच्या हिशेबात खर्ची फिटत राहते. माझ्या यादीतला एक पस्तिशीचा गडी असाच निघाला होता. त्याचे पाच डोस झाले होते, अंगावरचे चट्टे निवळत होते. निघण्याच्या आदल्या सायंकाळी मी त्याला पुढच्या सहा महिन्यांची पाकिटे मोजून दिली, रोज एक पान कसे उघडायचे ते पुन्हा समजावले, आणि खोलीवर येऊन त्याच्या कार्डावरचे पुढले सहा चौकोन, तारखांसह, शाईने भरून टाकले. त्रैमासिक अहवालात खळगा नको, एवढाच त्यामागचा विचार. माणूस विश्वासाचा आहे, असे मी स्वतःला सांगितले. त्याच्यावरचा विश्वास मी माझ्याच सोयीसाठी वापरला, हे तेव्हा कळले नाही.

४ जून १९९५, रविवार. त्या दिवशी ब्रसेल्सला पोप जॉन पॉल दुसरे यांनी फादर डेमियन यांना धन्यवादित घोषित केले. सोमवारी मी मनोरला परतलो तो अक्षरशः तरंगतच, आणि भट्टीवरून माणसे आली आहेत असे कळताच थेट त्या पाड्यावर गेलो. गडी अंगणात छपराची पेंढी बदलत होता. त्याची धाकटी मुलगी धावत आली आणि, चांदी बघ, म्हणून तिने माझ्यापुढे मूठ उघडली. तिच्या मुठीत औषधाचे पान होते, आणि त्यातली एकही गोळी फुटलेली नव्हती. ती मला हाताला धरून आत घेऊन गेली. भाताच्या कणगीमागे, कुडाच्या सांदीत, पाकिटे एकावर एक नीट रचून ठेवली होती. कोणी पवित्र वस्तू ठेवावी तशी ती ठेवली होती, हे मला अजून आठवते. मी मोजली. सहाच्या सहा भरली.

मी बाहेर येऊन त्याच्याशेजारी पेंढीवर बसलो. का घेतल्या नाहीस, विचारले. तो म्हणाला, "अंग काळं पडतं." ते खरेच होते, त्यातल्या एका औषधाने कातडी काळवंडते, आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांनी तिचा वर्ण परत येतो. हे मी त्याला आरंभीच सांगितलेही होते. पण भट्टीवर पंधरा घरे शेजारी शेजारी राहत होती, आणि गोळ्यांनी काळा पडलेला माणूस म्हणजे रक्तपितीचा, एवढे ज्ञान त्या पंधरा घरांना होते. ओळखले असते तर बायकोला पाण्यावर येऊ दिले नसते. मग जाण्याआधीच मला हे का बोलला नाहीस, असे मी विचारले. त्याने पेंढीची जुडी बांधून पुरी केली, दात लावून गाठ आवळली, आणि म्हणाला, "तू लय हुरुपात यायचास. तुला कसं सांगायचं?"

मला कोणी कानफटात मारली असती तर परवडले असते. ज्या उत्साहाला मी देवाची देणगी म्हणत होतो, त्याच्याच आवाजात या माणसाची भीती बुडून गेली होती. मी पाड्यावर येई तो आनंदाचा वर्षाव करीत येई, गोळ्या देई, चौकोन भरी, पाठ थोपटी आणि पुढच्या पाड्याला लागे. त्याला एक वाक्य बोलायला लागणारी शांतता मी कधी ठेवलीच नव्हती. आणखी एक गोष्ट त्या पेंढीवर बसल्या बसल्या ध्यानात आली. लोक ओळखतील म्हणून त्याने पाकिटे कुडात लपवली होती आणि लोक ओळखतील म्हणून मी क्रूस सदऱ्यात लपवला होता. त्याच्या भीतीला पोटापाण्याचे कारण होते. माझ्या भीतीला तेवढेही नव्हते.

पुढच्या शनिवारी वसईला कुमसाराला गेलो. धर्मगुरू वयस्क होते. माझे सगळे बयान त्यांनी ऐकून घेतले आणि माझ्या आध्यात्मिक यातनांकडे संपूर्ण दुर्लक्ष करून एवढेच विचारले, की कार्ड दुरुस्त केलेस का? केले नव्हते. आधी ते कर, म्हणाले, देव कुठे जात नाही. सोमवारी मी सहाही चौकोनांवर लाल शाईने काट मारली, पूर्वीची नोंद चुकीची सबब रद्द, असा शेरा लिहून खाली सही केली, आणि कागद वरिष्ठांकडे पाठवला. त्याबद्दल जो मेमो यायचा तो यथावकाश आला. त्या तिमाहीची टक्केवारी घसरली. माझ्या मित्रांना हे सांगायला मला चर्चचे अंगण पुरेसे मोठे वाटेना, पण सांगितले.

त्या पावसाळ्यात माझ्यातली धग विझली. मिस्सेला जात होतो, पण शब्द ओठांतून नुसते ओघळत. कामावर जात होतो, पण सायकल जड झाली होती. कोणत्याही ख्रिस्ती माणसाला विचारा, आपल्या श्रद्धेच्या वाटेवर हा कोरडा टापू लागतो हे तो सांगेल. मात्र लागतो तेव्हा प्रत्येकाला वाटते की तो आपल्यापुरताच निर्माण झाला आहे. अशाच एका रात्री, दुसरे काही सुचेना म्हणून, आईची जुनी जपमाळ हातात घेतली आणि ज्या गुणगुणाटाचा लहानपणी कंटाळा येई तोच सुरू केला. मन लागेना, म्हणून एकेका मण्यावर एकेका रुग्णाचे नाव घेऊ लागलो. नमो मरियाचे मणी त्रेपन्न. माझ्या यादीतली नावे त्याहून थोडी कमी. उरलेल्या मण्यांवर घरच्यांना बसवले. एक मणी, एक नाव, त्याची पुढची तारीख. यात भावनेचा ओलावा मुळीच नव्हता, आणि तरी दुसऱ्या रात्रीही तेच केले.

पुष्कळ वर्षांनी, उत्साह या शब्दाची फोड एका संस्कृत शिकवणाऱ्या स्नेह्याकडून कळली, तेव्हा मला त्या रात्री आठवल्या. उत् हा उपसर्ग, आणि मूळ धातू सह्, म्हणजे सोसणे. आपण या शब्दातला उपसर्ग तेवढा ऐकतो, उसळी, उधाण, वर झेपावणे. धातू मुकाट्याने खाली उभा असतो. साहित्यशास्त्राने उत्साहाला वीररसाचा स्थायीभाव म्हटले आहे, तेही मला तेव्हाच पटले. उसळी हा स्थायी राहण्याचा प्रकार नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई हे दांपत्य मराठी ख्रिस्ती माणसाच्या घरातलेच आहे, म्हणून धिटाईने लिहितो, की त्या संसारात उपसर्ग टिळकांच्या वाट्याला आला आणि धातू लक्ष्मीबाईंच्या. १८९५ साली ते एकटे ख्रिस्ती होऊन मोकळे झाले. लक्ष्मीबाई कित्येक वर्षे विरहात आणि सोवळ्याओवळ्यात झगडून, आपल्या पायांनी आणि आपल्या गतीने तिथे पोहोचल्या. टिळकांना १९१७ साली मिशन सोडून देवाचा दरबार काढण्याची स्फूर्ती झाली, तिच्यामागे जो संसार फरफटत राहिला असेल तो कोणी चालवला, हे स्मृतिचित्रे वाचलेल्याला सांगायला नको. टिळकांवाचून मराठी ख्रिस्ती समाज मुका राहिला असता, हे मी पूर्णपणे मानतो. तरी प्रार्थनेला बसलो की माझ्या डोळ्यांपुढे लक्ष्मीबाईच येतात.

कामाची रीत बदलली, ती एवढीच. पाड्यावर गेलो की आधी बसायचे. गोळ्यांचे नाव काढायचे नाही. भात, पाऊस, कोणाची गाय, कोणाचे लग्न. पेज समोर आली तर प्यायची. वारली माणूस सर्वांना तू म्हणतो, साहेबालाही, देवालाही. आमच्या मराठी प्रार्थनेतही देवाला तूच म्हणतात, हे मी एकदा एका म्हातारीला सांगितले, तर तिला त्यात सांगण्यासारखे काय ते कळेना. गळ्याचे बटण मी उघडे ठेवू लागलो. वर्षभरात दोघांनी विचारले, तेव्हा हो, मी ख्रिस्ती, वसईचा, म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा गाईकडे वळले. दिवाळीनंतर मात्र मी भट्टीच्या वाटा धरल्या. कामणच्या बाजूची एक भट्टी तर माझ्या घरापासून फार लांब नव्हती. तिथे रविवारी मिस्सेनंतर जायचे, पंधरा घरांपासून दूर, विटांच्या थप्पीच्या आडोशाला त्या गड्याला बोलवायचे, आणि त्याने गोळ्या गिळेपर्यंत थांबायचे. पाड्याने मला नावही दिले, गोळीवाला. १९९७ च्या पावसाळ्यात त्याच्या कार्डावरचा शेवटचा चौकोन भरला, ती शाई मात्र मी त्याच्या अंगणात बसून लावली.

उपचाराने जंतू मरतात. मेलेली नस परत येत नाही. त्या सहा महिन्यांत त्याच्या उजव्या तळव्याची संवेदना गेली होती, आणि ती माझ्या हिशेबात आहे. अशा पायाला काटा लागला, ठेच लागली, तरी कळत नाही. भेग पडते, भेगेची जखम होते, जखम हाडापर्यंत जाते. त्यावर उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे. रोज अर्धा तास पाय पाण्यात भिजवायचे, कडक झालेली कातडी खरबरीत दगडाने घासायची, ओल्या पायालाच तेल लावायचे, आणि तळवा डोळ्यांनी नीट तपासायचा, कारण तो स्वतः काही सांगणार नाही. रोज. सण असो, सुतक असो. आमच्याकडे पवित्र गुरुवारी चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात. त्यांत माझी निवड झाली तेव्हा मीही इतरांसारखाच घरून साबणाने पाय घासून गेलो होतो.

पुढची वर्षे फार लांबवून सांगण्यासारखी नाहीत. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण एवढे प्रमाण आल्याचे जाहीर झाले, आमची पथके सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली, आणि रोग संपला असे पुष्कळांना वाटले. पाड्यांत नवे चट्टे नंतरही सापडत राहिले, लहान मुलांच्या अंगावरही. २००९ साली डेमियन संत झाले, त्या आठवड्यात मी एका शाळेत मुलांच्या पाठी तपासत होतो. २०२२ साली दप्तर सोपवून निवृत्त झालो.

गेल्या प्रायश्चित्तकाळात पालघरहून एस.टी.ने पुन्हा मनोरला गेलो. खिंडीत चालकाने, हा अगदी पोरगेला चालक, गियर उतरवले आणि बोटे छातीला लावली. पाड्यावर पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. गडी आता साठी ओलांडून गेला आहे. अंगणात घमेल्यात पाय सोडून बसला होता, शेजारी दगड, तेलाची बाटली. मुलगी, तीच ती चांदीवाली, दोन मुलांची आई होऊन माहेरी आलेली. मी बाजूच्या बाजेवर बसलो. एकही दिवस चुकवतोस का, विचारले. म्हणाला, "चुकवून कुठं जाऊ?" भाताचे, पावसाचे बोलणे झाले. बोलता बोलता त्याची नजर माझ्या चपलांकडे गेली.

"तुझ्या टाचा बघ," तो म्हणाला, "फुटल्यात. घाल पाय."

मी नको म्हणालो. त्याने घमेले पायानेच माझ्याकडे सरकवले आणि आपला पाय एका बाजूला घेतला. पाणी अजून कोमट होते.